फोल्डरअण्णा

सोलापुरात चादर विणणारे पुष्कळ, टॉवेल विणणारे त्याहून पुष्कळ, आणि दोन्हींवरची नक्षी काढणारेही अलीकडे बरेच झालेत. पण काढलेली नक्षी वेळेला शोधून हातात ठेवणारा माणूस दर कारखान्यात एकच असतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जा, नाहीतर पूर्व भागातल्या गल्लीबोळांत जा. डिझाइन विभागाच्या एसीचा गारवा जिथं संपतो आणि लूमचा खडखडाट जिथं सुरू होतो, नेमक्या त्या उंबऱ्यावर त्याचं टेबल सापडेल. पगारपत्रकावर त्याचा हुद्दा कुठं ‘स्टोअर’, कुठं ‘डिझाइन असिस्टंट’ असा असतो. एका ठिकाणी तर नुसतं ‘जुना’ एवढंच लिहिलेलं आहे. पोरं त्याला फोल्डरअण्णा म्हणतात. आपणही तेच म्हणू, कारण हा वाणच आहे. गावात शोधला तर दहा-वीस तरी निघतील.

वय साठीकडे झुकलेलं. मिशा अशा भरघोस की अण्णा बोलायला लागले की आधी मिशा हलतात आणि मग आवाज येतो. चष्मा दोरीला, आणि दोरी म्हणजे कारखान्यातलंच दोनपदरी सूत. त्याच सुतात तीन पेनड्राइव्ह ओवलेले, प्रत्येकाला कापडाची चिठ्ठी शिवलेली. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूवर नाव. ‘कात्री – न्यायची नाही’. शेजारी ‘कात्री – न्यायची असेल तर ही’. ‘पेन – चालतं’. ‘पेन – चालत नाही’. न चालणारं पेन कशाला ठेवलं म्हणून विचारलं तर उत्तर तयार: “आज चालंना. उद्या चाललं तर?”

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीच्या फडक्यावर बॉलपेननं तारीख. कुणीतरी एकदा हसून म्हणालं, “अण्णा, कडक भाकरी महिनाभर टिकती की, तिला तारीख कशाला?” अण्णांनी चटणीचं बोट चाटलं आणि म्हणाले, “टिकती म्हनूनच लागती. ताज्याला तारीख कोन विचारतंय बे?”

अण्णांनी जन्मात एक फूल काढलेलं नाही. पण कारखान्यात कुणी कुठलं फूल काढलं, ते कुठल्या पार्टीला पसंत पडलं, कुणी नाक मुरडलं आणि पुढं त्याच फुलाचं देठ छाटून ते दुसऱ्याच चादरीच्या किनारीत कसं खपवलं, ही सगळी वंशावळ त्यांना तोंडपाठ.

ते कारखान्यात आले ते कार्डं ओवायला. तेव्हा नक्षी पुठ्ठ्यात राहायची. आधी डिझायनर ग्राफ पेपरवर चौकट-चौकट रंगवणार. मग पंचिंगवाला त्या चौकटींबरहुकूम पुठ्ठ्याला भोकं पाडणार. मग ते पुठ्ठे क्रमानं दोरीत ओवून त्यांची माळ जकार्डवर चढणार. भोक असेल तिथं हुक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच. बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड. म्हणजे नक्षी पुरी व्हायला दोन हजार आडवे धागे लागत असतील तर कार्डंही दोन हजार. एकेक मोर उचलायला दोन माणसं लागायची.

माळ उतरली की गोदामात टांगायची. तिथं तिचे तीन वैरी: पावसाळ्यातली ओल, उंदीर आणि घाईतला डिझायनर. ओलीनं कार्ड फुगतं. उंदीर नवी भोकं पाडतो. घाईतला डिझायनर मधलीच पन्नास कार्डं सोडवून दुसऱ्या नक्षीला जोडतो आणि परत लावायला विसरतो. यंत्राला भोक कुणी पाडलं याच्याशी देणंघेणं नसतं. उंदरानं पाडलेलंही ते इमानदारीनं विणतं. असाच एकदा मोराच्या मानेवर एक ठिपका उमटला. मुकादम हबकला, पण हैदराबादच्या व्यापाऱ्याला तो ठिपका इतका आवडला की पुढची ऑर्डरच ‘ठिपक्याचा मोर’ म्हणून आली. अण्णांनी ते कुरतडलेलं कार्ड जपून वेगळं काढलं आणि त्यावर लिहिलं: ‘उंदीर – मंजूर’.

टेबलामागच्या भिंतीवर दोन तसबिरी. एक मार्कंडेय महामुनींची, पद्मशाली विणकरांच्या घरात असायलाच हवी अशी; नारळी पौर्णिमेला त्यांचा रथ निघतो त्या दिवशी तिला ताजा हार. दुसरी कोटातल्या एका फ्रेंच माणसाची. तो जोसेफ मारी जकार, 1804 च्या सुमाराला कार्डांवर चालणारं हे यंत्र उभं करणारा. ही तसबीर ज्या चित्राची प्रत, ते ब्रशनं काढलेलं नाही. जकारच्याच यंत्रावर 1839 मध्ये ल्यों शहरात ते रेशमात विणलं गेलं. त्या एका चित्राला सुमारे 24 हजार कार्डं लागली. संगणकाचा पूर्वज म्हणून ज्याचं नाव घेतात त्या चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत मिळवून घरी लावली होती. हे सगळं अण्णा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि शेवटी विचारतात, “जकारचं नाव हाय. विननाऱ्याचं बी नाव हाय. ती चोवीस हजार कार्डं वळीनं लावून ठिवनाऱ्याचं नाव काय?”

पाहुणा गप्प.

“मंग!” म्हणून अण्णा त्याला चहा पाजतात.

बोनास या इंग्लिश कंपनीनं 1983 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडलं. त्याची झळ सोलापूरला पोचायला वेळ लागला, पण पोचली. फ्लॉपी आली, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. कार्डांची खोली रिकामी झाली आणि अण्णांची नोकरी आता गेली असं सगळ्यांनी धरलं. गेली नाहीच, उलट काम वाढलं. कारण पुठ्ठ्याचा मोर हरवायला दोन माणसं आणि एक हातगाडी लागायची. संगणकातला मोर एक माणूस एका बोटानं हरवतो.

त्या काळातले फोल्डर अण्णांनी अजून दाखवायला ठेवलेत. ‘मोर’. ‘मोर नवा’. ‘मोर नवा नवा’. ‘मोर नवा जुना’. ‘मोर मालकांनी बघितलेला’. ‘मोर मालकांनी बघितला नाही पण आवडेल’. एका डिझायनरनं सगळं काम ‘माझं’ नावाच्या फोल्डरात ठेवलं आणि तो सुरतेला निघून गेला. दुसऱ्यानं ‘तात्पुरतं’ या फोल्डरात सहा वर्षं काढली. बाहेरच्या लोकांना वाटतं, कल्पक माणसाचा दिवस कल्पनेत जातो. डिझाइन विभागात तासभर बसून बघावं. कमळ काढायला दुपार लागते. गेल्या वर्षी काढलेलं कमळ शोधायला सकाळ, दुपार आणि संध्याकाळ जाते, आणि शेवटी वैतागून नवंच काढतात. मग जुनं सापडतं. मग दोन कमळं होतात, आणि त्यातलं पार्टीनं पास केलेलं कुठलं हे दोघांनाही सांगता येत नाही.

यावर अण्णांनी उपाय काढला तो फॉर्मचा. 1995 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले जमले होते. कुठलीही डिजिटल वस्तू ओळखायला किमान काय काय नोंदवावं, हा प्रश्न होता. त्यातून पुढं पंधरा रकाने ठरले: शीर्षक, कर्ता, तारीख, हक्क वगैरे. जगभर ते ‘डब्लिन कोअर’ म्हणून चालतात. अण्णांच्या फॉर्मात एकोणीस रकाने आहेत. डब्लिनवाल्यांना सुचले नाहीत असे काही त्यात आहेत: ‘किती हुकांचं जकार्ड’, ‘ताणा कुठल्या काउंटचा’, ‘कुणी नापास केलं’, ‘का’, आणि शेवटचा, ‘नापास करणारा अजून कामावर आहे का’. हा शेवटचा रकाना पोरांना आधी चेष्टेचा वाटला. मग लक्षात आलं की एकानं नाकारलेल्या निम्म्या नक्ष्या तो माणूस बदलला की पास होतात.

फाइल मागायला येणाऱ्याची अण्णा जी उलटतपासणी घेतात, ती मुळात ऐकावी.

“अण्णा, मोराची फाइल द्या की.”

“कुठला मोर?”

“तो ओ, पिसारा फुलवलेला.”

“पिसारा मिटलेला मोर चादरीवर कोन घेतंय बे? कुठला ते सांग.”

“लाल-काळा.”

“सोलापुरी चादर हाय ती. ह्या अंगानं लाल-काळा, उलटली की काळा-लाल. कुठल्या अंगाचा विचारलालास?”

“अण्णा, मालक थांबलेत!”

“मालक थांबलेत म्हनूनच विचारलालो. चुकीचा मोर घिऊन गेलास तर मालक थांबनार न्हाईत.”

पोरगं हात जोडतं, फॉर्म भरतं, आणि सही होऊन रकाना पुरा झाल्यावर अण्णा जे काढून देतात ते नेमकं हवं तेच असतं. या गोष्टीचाच सगळ्यांना जास्त राग येतो.

मग धाकटे मालक पुण्याहून शिकून आले. आल्या आल्या त्यांनी डिझाइनच्या फायली सांभाळायचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट असं त्याचं भारदस्त नाव. ते विकायला एक टायवाला गृहस्थ आला. प्रोजेक्टर लागला. सगळ्या फायली एका जागी, प्रत्येकीची छोटी प्रत लगेच दिसणार, जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीखाली आपोआप सरकणार, कुणी काय उघडलं ते कळणार, कुणाला काय उघडू द्यायचं ते ठरवता येणार. पोरांचे डोळे चमकले. अण्णा शेवटच्या खुर्चीत बसून ऐकत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं: “नाव कोन ठिवनार?”

“सर, सिस्टिम स्वतः चित्र ओळखून टॅग लावते. एआय आहे.”

“लाव बघू.”

त्यानं चादरीवरचा मोर टाकला. पडद्यावर शब्द उमटले: ‘पक्षी, कोंबडा, गालिचा’. पोरं फिस्सकन हसली. मग कमळ टाकलं: ‘फूल, भाजी, कोबी’. मग गड्ड्याच्या यात्रेसाठी काढलेली नंदीध्वजाची नक्षी टाकली. सिद्धरामेश्वरांचे ते उंच, सजवलेले नंदीध्वज, संक्रांतीला सारं सोलापूर ज्यांच्या मागं चालतं. त्यांच्याखाली सिस्टिमनं लिहिलं: ‘रस्ता, दिव्याचा खांब’. हसता हसता कुणाचातरी चहा सांडला. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, “नवं हाय. शिकवायला लागंल. आपल्यातली बी पोरं पैल्या दिवशी ह्याच्यापेक्षा बरं सांगत न्हाईत.”

सॉफ्टवेअर घेतलं गेलं आणि अण्णांनी त्याला शिकवायला घेतलं. पहिली अडचण खास सोलापुरी निघाली. पोरं फायली शोधायची आपापल्या घरच्या भाषेत. तेलुगू बोलणारा ‘नेमली’ टाकायचा, कन्नडवाला ‘नविलु’, मराठीवाला ‘मोर’, आणि इंग्रजी शाळेतला ‘पीकॉक’, तोही तीन तऱ्हेच्या स्पेलिंगांत. सिस्टिम म्हणायची, काही नाही. मोर शंभरांवर होते आणि सापडत एकही नव्हता. अण्णांनी जेवणाच्या सुट्टीत एकेकाला बोलावून, शेंगाचटणी पुढं सरकवून, विचारून विचारून यादी केली: एका वस्तूला किती नावं, आणि त्यातलं मुख्य कुठलं. मुख्य नाव टाकलं की बाकीची आपोआप जोडली जातील अशी सोय करून घेतली. विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं की याला ‘कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. अण्णा म्हणाले, “आमी त्याला जेवन म्हंतो. पैसे न्हाईत.”

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले; त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. अण्णांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. पण नियम त्यांनी पाळला, आणि पाळताना सगळ्यांचा भरपूर वेळ घेतला, हेही खरंच.

दुसरी अडचण दुप्पट-तिप्पट प्रतींची. एकच नक्षी नऊ नावांनी नऊ जागी. सिस्टिम प्रत्येक फाइलीतल्या आकड्यांवरून एक लांबलचक खूण काढते. दोन फायलींतला मजकूर अगदी तोच असेल तर खूणही तीच येते, मग नावं काहीही असोत. आणि एक ठिपका जरी हलवला तरी खूण पार बदलते. धाकटे मालक त्याला ‘हॅश’ म्हणत. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं ‘अंगठा’. “नाव बदलून आलास तरी अंगठा तोच हाय बे,” असं ते पडद्याकडं बघून फायलींना दटावायचे. या अंगठ्यानं एक गंमत उघडकीला आली. ‘स्वतःची नवी कल्पना’ म्हणून महिन्याला एक नक्षी दाखवणाऱ्या एका डिझायनरच्या बऱ्याच कल्पनांचे अंगठे अण्णांच्या 2009 च्या सीडीतल्या अंगठ्यांशी जुळले. अण्णांनी कुणाला सांगितलं नाही. त्या पोराच्या टेबलावर फक्त ती सीडी ठेवली. त्यावर चिठ्ठी: ‘माझी वाट बघू नकोस, परत आणून दे.’

अण्णांचा दरारा ज्या प्रसंगानं कायमचा बसला तो मात्र वेगळा. एक दिवस कारखान्याला वकिलाचं पत्र आलं. परगावच्या एका व्यापाऱ्याचं म्हणणं, ही वेलबुट्टीची किनार आमची, आम्ही ती नोंदवली आहे, तुम्ही चोरलीत, नुकसानभरपाई द्या. मोठ्या मालकांचा रक्तदाब चढला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. पण त्यानं राखलं जातं ते नाव. चादरीवरच्या एकेका नक्षीचा हक्क मागायचा तर वाट वेगळी, 2000 सालच्या डिझाइन कायद्याची. तिथं नोंदवलेल्या नक्षीला दहा वर्षं संरक्षण मिळतं, पुढं आणखी पाच वाढवता येतात. अट एकच, पण मोठी: नोंदवायच्या दिवशी नक्षी नवी पाहिजे. आधीच छापून किंवा विकून ती जगजाहीर झालेली असेल तर नोंद रद्द करून मागता येते.

वकील म्हणाले, तारखेचा पुरावा हवा. सगळे संगणकाकडं धावले. फाइलीवरची तारीख निघाली गेल्या वर्षीची, कारण गेल्या वर्षी कुणीतरी ती एका डिस्कवरून दुसरीवर आणताना उघडून पुन्हा जतन केली होती. मालक कपाळाला हात लावून बसले. अण्णा उठले, मागच्या खोलीत गेले, आणि अर्ध्या तासानं हातगाडीवरून एक गठ्ठा आला. जुन्या चादरीत बांधलेला. आत त्याच वेलबुट्टीची कार्डांची माळ. माळेला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर साल. माळेत खोचलेलं त्या वर्षीचं छापील कॅटलॉगचं पान. पानाला टाचलेली पहिल्या विक्रीच्या बिलाची कार्बन कॉपी. व्यापाऱ्याच्या नोंदणीच्या कितीतरी वर्षं आधीची. नक्षी नुसती काढली होती असं नव्हे, छापली होती आणि विकलीही होती.

पुढं त्या व्यापाऱ्याचा वकील स्वतः आला, चहा प्यायला, दोन टॉवेल घेऊन गेला आणि पत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. मोठ्या मालकांनी अण्णांना विचारलं, “बिल कशाला ठेवलं होतं माळेत?” अण्णांना प्रश्नच कळेना. “मालक, मोर कुठं गेला ते मोरापाशीच ठिवायचं. आनि कुठं?” सॉफ्टवेअरच्या पुस्तकात याच गोष्टीवर एक आख्खं प्रकरण आहे.

त्या दिवसापासून पोरं गुमान फॉर्म भरू लागली. आणि हळूहळू एक गोष्ट झाली जी कुणी ठरवली नव्हती. शोधाशोध संपल्यावर पोरांच्या हाताशी जो वेळ आला, त्यात ती जुनं उकरून बघू लागली. कुणाला 1990 च्या आसपासची एक बदकांची रांग सापडली, तिच्यावरून लहान मुलांच्या टॉवेलची मालिका निघाली. कुणी नापासांच्या ढिगातून किनार उचलली. सोलापूरची जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून या गावात किती नक्षी विणली गेली असेल आणि त्यातली किती आज कुणाला काढून दाखवता येईल, याचा विचार केला तर अण्णांच्या एका खोलीची किंमत कळते. नवं सुचायला जुनं दिसावं लागतं. ते दिसत नाही तोवर पोरं ‘नवा नवा’ असं नाव देऊन तोच मोर पुन्हा पुन्हा काढत राहतात.

इतकं सांगितल्यावर अण्णांचे दोष झाकण्यात अर्थ नाही. पहिला दोष, त्यांच्यानं काही पुसवत नाही. सिस्टिममध्ये ‘पुसा’ असं बटण आहे. अण्णांच्या माऊसला ते ठाऊक नाही. नको असलेल्या फायलींसाठी त्यांनी ‘नकोत’ नावाचा फोल्डर केलाय आणि तो हव्या असलेल्यांपेक्षा मोठा झालाय. धाकटे मालक दर मार्चला सर्व्हरच्या भाड्याचं बिल दाखवतात. अण्णा दर मार्चला म्हणतात, “उंदराचं कार्ड फेकलं असतं तर हैदराबादची ऑर्डर आली असती का?” यावर व्यवस्थापनशास्त्रात उत्तर नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर, आणि तो दाखवला अण्णांच्या बायकोनं. फायलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक वेगळ्या जागी, हा या धंद्यातला जुना दंडक. वेगळी जागा म्हणजे अण्णांचं घर. दर शनिवारी एक हार्ड डिस्क पिशवीतून घरी जाते. आता या घराची गोष्ट अशी की तिथं एकाही डब्यावर नाव नाही. बिस्किटांच्या डब्यात जिरं, हॉर्लिक्सच्या बाटलीत हळद, आणि तुरीच्या डाळीच्या पिंपात, तळाला, सोन्याच्या पाटल्या. बायकोला डोळे मिटून सगळं सापडतं. एका रविवारी कारखान्यातून फोन आला, डिस्क हवी. अण्णांनी घर पालथं घातलं. डिस्क नाही. बायको देवळात गेलेली. ती आली, चप्पल काढायच्या आत म्हणाली, “साखरेच्या डब्यामागं हाय. मुंग्या येत न्हाईत तितं.”

अण्णा भडकले. “डब्यावर नाव न्हाई, वहीत नोंद न्हाई, मानसानं शोधायचं कसं?”

“मला इचारायचं की.”

“आनि तू नसलीस तर?”

“तुमी नसलाव तर कारखान्यात कोन सांगतंय?” असं म्हणून ती भाकरीच्या पिठाला बसली.

हे बोलणं अण्णांना लागलं. कारण खरं होतं. ते श्रीशैलला जायचे तेव्हा मल्लिकार्जुनाच्या रांगेतही फोन वाजायचा: अण्णा, ‘ठिपक्याचा मोर’ कशाखाली आहे? एकोणीस रकाने भरून घेणाऱ्या माणसानं विसावा रकाना आपल्या डोक्यात ठेवला होता, आणि तिथं दुसऱ्या कुणाचा पासवर्ड चालत नव्हता. सगळे त्यांना विचारत होते याचं त्यांना सुखही होतं. ते काही त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नाही.

पण पुढच्या सोमवारी त्यांनी डिझाइन विभागातल्या सगळ्यात नव्या पोरीला टेबलापाशी बोलावलं. “खुर्ची घे. लिहून घे. मी बोलतो.” आणि मग रोज तासभर, लूमच्या खडखडाटात ओरडून ओरडून, अण्णांनी डोकं रिकामं करायला सुरुवात केली. कुठल्या नक्षीची मूळ आई कुठली. कुठली पार्टी ‘गुलाबी’ म्हणते तेव्हा तिला जांभळा हवा असतो. कुठलं हॉटेल आपलं बोधचिन्ह दुसऱ्याच्या टॉवेलवर गेलेलं खपवून घेणार नाही आणि तो करार किती सालापर्यंत आहे. पोरगी हुशार. ती नुसती लिहीत नव्हती, विचारत होती: “अण्णा, हे तुम्हाला कसं माहीत?” निम्म्या वेळा अण्णांना आठवायचं नाही. मग ती त्या नोंदीपुढं लिहायची: ‘ऐकीव – तपासणे’. अण्णांनी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मिशा थरथरल्या. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यांनी तिला आपली ‘न्यायची नाही’वाली कात्री दिली.

अशा माणसाच्या निवृत्तीला काय भेट द्यायची? घड्याळ दिलं असतं तर त्यावरही त्यांनी चिठ्ठी चिकटवली असती. पोरांनी ठरवलं, सोलापूरला जे करता येतं तेच करायचं. देवादिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी इथं वॉल हँगिंगवर विणतातच, अण्णांची विणायची. फोटो चोरून काढला, त्याची चौकट-चौकट केली, चष्म्याच्या सुतासकट. निरोपाच्या दिवशी मालकांनी पडदा सारला. भिंतीवर अण्णा, लाल-काळे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा पुढं गेले, विणीवर बोट फिरवलं, कोपरा उलटून मागचे काळे-लाल अण्णा बघितले आणि त्या पोरीला विचारलं, “नोंद केलीस का गं?”

“केली की अण्णा. एकोणीसच्या एकोणीस.” तिनं लॅपटॉप पुढं केला. डिझायनर, तारीख, हुक, ताणा, पार्टी: ‘घरची’. नापास कुणी केलं: ‘वेळ आहे’. अण्णा खाली खाली वाचत गेले आणि सिस्टिमनं आपणहून सुचवलेल्या टॅगपाशी थांबले. इतकी वर्षं त्यांनीच खाऊ-पिऊ घालून, चुका दुरुस्त करून तिला शिकवलं होतं. मधोमध ऐटीत उभं, दोन्ही अंगांना भरघोस फुललेलं, विणीतलं जे काही असेल त्याला काय म्हणायचं, हे ती आता पक्कं शिकली होती. अण्णांच्या तसबिरीखाली तिनं लिहिलं होतं: ‘मोर’.

हशा उसळला. धाकटे मालक तर खुर्चीला धरून हसत होते. अण्णा लालबुंद.

“चूक हाय ही! पुसून टाक!”

खोली एकदम गप्प झाली. अण्णांच्या तोंडून हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. पोरीचं बोट बटणापाशी गेलं. सगळे बघत राहिले.

“थांब,” अण्णा म्हणाले. “पुसू नगंस. ‘नकोत’मदी ठिव.”